सराफ, हमाल आणि तव्वाब

‘अंमली पदार्थ विरोधी पथक’ आणि ‘कायद्याची अंमलबजावणी’ हे दोन शब्दप्रयोग वर्तमानपत्रातल्या एकाच बातमीत शेजारी शेजारी येतात. अंमल दोन्हींत आहे. पहिला नशेचा, दुसरा सरकारचा. मूळ अरबी शब्द ‘अमल’ आणि त्याचा अर्थ अगदी साधा: काम, कृती, माणसाने केलेली गोष्ट. फारसीच्या वाटेने तो दख्खनेत आला तेव्हा कारभाराचा शब्द झालेला होता. अमुक परगण्यावर अमक्याचा अंमल, आणि तो चालवणारा अंमलदार. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला, दरबारी फारसी-अरबी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द मिळाले, तरी अंमल मराठीतून हलला नाही. उलट त्याने आणखी एक जागा घेतली. दारूचा अंमल चढू लागला, भांगेचा उतरू लागला.

इस्लामी विचारात अमल फार वजनदार शब्द आहे. इमाम बुखारींचा हदीससंग्रह, म्हणजे पैगंबरांच्या वचनांचा संग्रह, ज्या वचनाने सुरू होतो त्याचा आशय असा, की जशी नियत तसं अमलाचं मोल. तिथे अमल करणारा माणूस आहे, आणि त्याबद्दल जाब देणाराही तोच. मराठीत मात्र ‘तो दारूच्या अंमलाखाली होता’ असं आपण म्हणतो, तेव्हा माणूस कर्ता राहिलेला नसतो. तो प्रजा झालेला असतो. एक कृती म्हणून सुरू झालेली गोष्ट शेवटी राज्य करू लागते, हा व्यसनाचा सगळा प्रवास या एका शब्दाच्या अर्थांतराने आखून दाखवला आहे. तो कुणी ठरवून आखलेला नाही, म्हणून मला जास्त खरा वाटतो.

आता मद्याचा शब्द. अरबीत ‘खम्र’. ख-म-र या मुळाक्षरांचा अर्थ झाकणं. स्त्रिया डोक्यावरून घेतात ती ओढणी ‘खिमार’. पीठ झाकून ठेवून फुगवतात ते ‘खमीर’. आणि मद्याचा भर ओसरल्यावर जी डोकेदुखी, जो जडपणा उरतो तो ‘खुमार’. मराठीने हा शेवटचा शब्द उचलला आणि त्यातली डोकेदुखी काढून टाकली. आपली खुमारी गोड असते. दुपारच्या झोपेची असते, गाण्याच्या मैफलीची असते. ‘कैफ’चंही असंच. अरबीत ‘कैफ’ म्हणजे ‘कसं?’, त्यावरून प्रकृती, मनाची अवस्था, मग सुखावलेली अवस्था, आणि आपल्यापर्यंत येईतो थेट धुंदी. ‘हवस’चंही तेच झालं. अरबीत तिच्यात वेडाची छटा आहे, हिंदीत ती वासना झाली, मराठीत मात्र तिची ‘हौस’ होऊन लग्नमांडवात मिरवू लागली. परकी शब्दसंपत्ती घेताना मराठीने सुखाची बाजू तेवढी ठेवून घेतली असं या तीन शब्दांपुरतं तरी म्हणावं लागतं.

खम्र म्हणजे नक्की कोणतं पेय, हा प्रश्न मदिनेत आला होता. हजरत उमर यांनी मिंबरावरून, म्हणजे मशिदीतल्या प्रवचनपीठावरून, दिलेलं उत्तर हदीससंग्रहांत नोंदलेलं आहे. खम्र पाच गोष्टींपासून होते, द्राक्षं, खजूर, मध, गहू आणि जव, असं सांगून ते पुढे म्हणाले, की जे जे अकलेला झाकतं ते सगळं खम्र. त्यांनी व्युत्पत्तीच कायदा म्हणून वापरली. पेयाच्या नावापाशी न थांबता ते पेय काय करतं यावर बोट ठेवलं. म्हणूनच पुढे अफू, भांग, आणि त्या काळी कुणी न पाहिलेली रसायनंसुद्धा या शब्दाच्या कक्षेत घेताना धर्मशास्त्रज्ञांना फारसं अडलं नाही.

कुरआनातली मद्यबंदी एका झटक्यात आलेली नाही, आणि सवय मोडण्याच्या दृष्टीने हा भाग थांबून पाहण्यासारखा आहे. भाष्यकार चार पायऱ्या सांगतात. पहिली सोळाव्या सूरेत, म्हणजे अध्यायात. खजूर आणि द्राक्षं यांपासून तुम्ही मादक पेयही करता आणि चांगलं अन्नही मिळवता, एवढंच तिथे आहे. निषेध नाही, फक्त ‘चांगलं’ हे विशेषण अन्नाला लागलं आहे, पेयाला नाही. दुसरी पायरी दुसऱ्या सूरेत: मद्य आणि जुगार यांत लोकांना काही फायदे आहेत, पण पाप त्याहून मोठं आहे. फायदा आहे हे मान्य केलं आहे, याचं मला फार मोल वाटतं. व्यसनी माणसाला त्यात काहीच मिळत नसतं असं त्याला सांगून पाहा; तो आपलं बोलणं त्याच क्षणी ऐकायचं सोडून देतो. तिसरी पायरी चौथ्या सूरेत: नशेत असताना नमाजजवळ येऊ नका. नमाज दिवसातून पाच वेळा, तीही दिवसभर विखुरलेली. दुपारपासून रात्रीपर्यंत चार नमाजा एकामागून एक येतात. शुद्ध परत यायला पुरेसा अवकाश उरतो तो रात्रीच्या नमाजेनंतर, नाहीतर पहाटेच्या नमाजेनंतर. कुणी मनाई न करता दिवसाचा बराचसा भाग मोकळा झाला. मग पाचव्या सूरेतला पूर्ण निषेध आला.

त्या दिवसाचं वर्णन अनस इब्न मालिक यांनी केलं आहे. ते तेव्हा तरुण होते, अबू तल्हांच्या घरी जमलेल्या मंडळींना खजुराची ‘फदीख’ वाढत होते. बाहेर पुकारा ऐकू आला. घरधन्याने सांगितलं, जा आणि ओतून दे. मदिनेच्या गल्ल्यांतून त्या दिवशी मद्य वाहिलं. हजरत आयशा यांनी पुढे फार नेमकं सांगितलं आहे: ‘पिऊ नका’ हीच आज्ञा आधी उतरली असती, तर आम्ही कधीच सोडणार नाही असं लोक म्हणाले असते.

कुरआनात मद्याशी जोडीने जुगार येतो. त्याचा शब्द ‘मैसिर’, आणि त्याची मुळाक्षरं सोपेपणाची, सहज हाती येण्याची. मोबाइलवर रमी खेळून कर्जात बुडालेल्या तरुणाला त्यातला सोपेपणा वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

सवयीला अरबीत ‘आदा’ म्हणतात. फारसी-उर्दूतून आलेली आपली ‘आदत’. त्याची मुळाक्षरं ऐन-वाव-दाल, अर्थ परतून येणं. आजाऱ्याची पुन्हा पुन्हा विचारपूस करायला जाणं ते ‘इयादत’, त्याच घराण्यातलं. ‘ईद’ हा शब्दही अरबी कोशकार इथेच जोडतात, कारण ती दरवर्षी परतून येते. म्हणजे सवय ही माणसाला चिकटलेली वस्तू नाही. ती पुन्हा पुन्हा दाराशी येणारी गोष्ट आहे. संस्कृतने ‘व्यसन’ वेगळ्या अंगाने पाहिलं. ‘वि’ आणि ‘अस्’, दूर फेकलं जाणं. आधी अर्थ संकट, मग दुर्गुण. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात व्यसनांवर अख्खं अधिकरण आहे आणि तिथे राजाच्या मद्यपानाबरोबर राज्यावरची आपत्तीही त्याच शब्दात मोजली आहे. दोन्ही दृष्टींत सत्य आहे. घरच्या लोकांना व्यसन संकटासारखं दिसतं, आणि ज्याला ते असतं त्याला मात्र रोज संध्याकाळी ठरल्या वेळी परतणारं काहीतरी.

हे परतणं कसं सुरू होतं याची साखळी चौदाव्या शतकातल्या दमास्कसच्या इब्न कय्यिम यांनी ‘अल-फवाइद’ या ग्रंथात मांडली आहे. मनात एक लहर येते. तिला परतवलं नाही तर तिचा विचार होतो. विचाराची वासना होते. वासनेचा निश्चय, निश्चयाची कृती, आणि कृतीची आदत. दर पायरीवर परतवणं आधीपेक्षा अवघड. इब्न कय्यिम १३५० मध्ये वारले. तंबाखू, सिनेमा, रात्री दोन वाजता अंगठ्याखाली सरकणारा पडदा, यांतलं काही त्यांनी पाहिलं नव्हतं, आणि तरी त्यांची साखळी एका कडीनेही जुनी झालेली नाही.

पहिल्या लहरीसाठी कुरआनाचा शब्द आहे ‘वस्वसा’. दख्खनी बोलणाऱ्या घरांतून ‘मन में वसवसा आया’ हे आजही ऐकू येतं. हा ध्वनीवरून झालेला शब्द, आपल्या ‘कुजबुज’ आणि ‘वखवख’सारखा. जुन्या अरबीत दागिन्यांच्या हलक्या किणकिणीलाही ‘वस्वास’ म्हणत. मोहाचा आवाज कर्कश नसतो, हे शब्दाच्या उच्चारातच आहे. कुरआनाच्या शेवटच्या सूरेत या कुजबुजणाऱ्याला दुसरं एक विशेषण दिलं आहे, ‘खन्नास’, म्हणजे मागे सरणारा. माणूस बेसावध असतो तेव्हा तो बोलतो, ईश्वराचं स्मरण होताच मागे सरतो, असं भाष्य इब्न अब्बास यांच्या नावाने सांगितलं जातं. बेसावधपणाला अरबीत ‘गफलत’. मराठीत तिचा अर्थ घोटाळा एवढाच उरला. हिशेबात गफलत झाली म्हणतो आपण. मूळ शब्दात घोटाळ्याच्या आधीची स्थिती आहे, लक्ष नसणं.

मोहाचा आणखी एक शब्द यूसुफ यांच्या कथेत आहे. ज्या घरात ते राहत होते तिथल्या स्त्रीने त्यांना भुलवू पाहिलं, यासाठी बाराव्या सूरेत आलेलं क्रियापद र-व-द या मुळाक्षरांचं आहे. हळूहळू येणं-जाणं, शोधत फिरणं हा त्याचा भाव. तांड्याच्या पुढे जाऊन कुरण आणि पाणी शोधणाऱ्याला अरब ‘राइद’ म्हणत. आणि याच मुळाचा एक शब्द मराठी माणूस सहज वापरतो: ‘इरादा’. सूफी परंपरेतला ‘मुरीद’ही तिथलाच. भुलवणं आणि संकल्प एकाच मुळातून! मला यात विरोध दिसत नाही. दोन्हीकडे मन काहीतरी शोधत चाललेलं आहे. त्या कथेत दोन इरादे एका बंद दारापाशी समोरासमोर आले. यूसुफ यांनी तिथे कोरडा बडेजाव दाखवला नाही. तू माझ्यापासून हे वळवलं नाहीस तर मी झुकेन, असं ते ईश्वराला सांगतात, आणि त्यापेक्षा तुरुंग पत्करतात. मी खंबीर आहे, मला काही होत नाही, असं म्हणणारा माणूस या कथेतल्या यूसुफ यांच्यापेक्षा खूपच अननुभवी असतो.

त्याच सूरेत ‘नफ्स’ची पहिली ओळख आहे. नफ्स म्हणजे स्व, जीव; श्वासाचा ‘नफस’ त्याच मुळाचा. तिथे तिला ‘अम्मारा’ म्हटलं आहे, वाईटाचा हुकूम सोडणारी. पंचाहत्तराव्या सूरेत ती ‘लव्वामा’ होते, स्वतःला दोष देणारी, आणि एकोणनव्वदाव्या सूरेत ‘मुत्मइन्ना’, निवांत झालेली. तीन अवस्थांची ही मांडणी इस्लामी नीतिग्रंथांत सर्वत्र सापडते. पण अम्मारा आणि लव्वामा या शब्दांच्या घडणीकडे मराठी वाचकाने आवर्जून पाहावं, कारण त्या घडणीचे शब्द आपल्या बाजारपेठेत भरलेले आहेत.

सराफ, दलाल, हमाल, हजाम, अत्तार. हे सगळे अरबी, आणि सगळे एकाच साच्यातले. मूळ अरबीत यांच्या मधल्या अक्षराला द्वित्व आहे: सर्राफ, दल्लाल, हम्माल, हज्जाम, अत्तार. मराठीने बहुतेक ठिकाणी ते सोडवून सुटं केलं, अत्तारमध्ये मात्र शाबूत ठेवलं. हा साचा अरबी व्याकरणात दोन कामं करतो. एक, एखादी गोष्ट पुन्हा पुन्हा, भरपूर करणारा. दुसरं, तीच ज्याचा धंदा आहे असा. एकदा ओझं उचललं म्हणून कुणी हम्माल होत नाही. रोज उचलतो तो हम्माल.

आता ‘अम्मारा’ पाहा. याच साच्याचं स्त्रीलिंगी रूप. ‘अम्र’ म्हणजे हुकूम, ज्यावरून अमीर आला. एकदा हुकूम देणारी नव्हे, हुकूम सोडणं हाच जिचा धंदा अशी. ‘लव्वामा’ही तशीच, दोष देत राहणारी. ‘खन्नास’ तसाच; मागे सरणं ही त्याची रोजची रीत आहे, म्हणजे परतून येणंही आहेच. आणि याच साच्यात ओतलेला आणखी एक शब्द आहे, ‘तव्वाब’. परत फिरत राहणारा. वाईट सवयीविरुद्ध इस्लामने जो माणूस उभा केला आहे तो एकदाच शपथ घेऊन कायमचा सुटलेला वीर नाही. तो हमालासारखा रोज तेच काम करणारा आहे. दुसऱ्या सूरेत ईश्वराला प्रिय असणाऱ्यांत हे ‘तव्वाबीन’ येतात. आणि कुरआनात ‘तव्वाब’ हे ईश्वराचंही नाव आहे. त्याकडे पुढे येतो.

त्याआधी सब्र. या शब्दाचं मूळ बांधण्यात, रोखून धरण्यात आहे. एखाद्याला बांधून ठेवून ठार करणं यालाही जुन्या अरबीत याच शब्दाने सांगत. म्हणजे सब्र हा मवाळ शब्द मुळीच नाही. धर्मग्रंथांत त्याचे तीन प्रकार करतात: आज्ञापालनात टिकून राहणं, संकटात टिकून राहणं, आणि पापापासून स्वतःला रोखणं. मराठीने ‘सबूर’ घेतला, आणि या वेळी मूळ अर्थ हुबेहूब राखला. ऐतिहासिक नाटकात तलवार उपसलेल्या माणसाला दुसरा म्हणतो, ‘सबूर!’ हात जागच्या जागी थांबतो. पापापासूनचा सब्र तो हाच. शिर्डीत साईबाबा ज्या मशिदीत राहत, तिला द्वारकामाई म्हणत. तिथून श्रद्धेच्या जोडीने ‘सबुरी’ महाराष्ट्राच्या घराघरांत गेली आणि तिचा अरबी जन्म लोक विसरूनही गेले.

रमजानला हदीसमध्ये सब्राचा महिना म्हटलं आहे. उपवासाला अरबी ‘सौम’, अर्थ थांबणं. चारा न खाता स्तब्ध उभ्या घोड्यालाही तेच विशेषण लावत. आपल्याकडे फारसी ‘रोजा’ रुळला, म्हणजे दिवस, आपल्या ‘रोज’ आणि ‘रोजंदारी’तला. दोन्ही नावं एकत्र ठेवली की त्या महिन्याचं तंत्र कळतं: थांबायचं, आणि एका वेळी एकच दिवस थांबायचं. शिवाय ज्यापासून थांबायचं ते पाणी, भाकरी, पतिपत्नीचा सहवास, म्हणजे एरवी पूर्ण हलाल. हक्काची गोष्ट सूर्यास्तापर्यंत बाजूला ठेवता येते हे ज्याने तीस दिवस अनुभवलं, त्याला हरामपाशी थांबण्याचा सराव झालेला असतो. ईदनंतर आठवड्याभरात पुन्हा टपरीवर उभे राहणारे अनेक आहेत, हे खरं. पण चौदा-पंधरा तास तंबाखूवाचून राहता येतं हे त्यांना आता ठाऊक असतं, आणि ते ज्ञान पुसलं जात नाही.

तौबा. मराठीत ‘तोबा’. आपण तो वैतागून उच्चारतो, ‘तोबा तोबा!’, किंवा गर्दीचं वर्णन करतो, ‘तोबा गर्दी’. मूळ अर्थ निव्वळ परतणं. म्हणजे आदतही परतणं आणि तौबाही परतणं. मराठीतही ‘परत’ अशीच दोन्ही बाजू राखून आहे: ‘तो परत प्यायला लागला’ आणि ‘तो घरी परत आला’. माणूस परतणारच, कुठे, एवढंच त्याच्या हातात आहे.

तौबेच्या अटी इमाम नववी यांनी मोजून दिल्या आहेत. पाप सोडणं, त्याचा पश्चात्ताप, पुन्हा तिकडे न जाण्याचा निश्चय. आणि दुसऱ्याचा हक्क बुडवला असेल तर तो ज्याचा त्याला देणं. यातल्या पहिल्या अटीचा शब्द ‘इक्लाअ’, उपटून निघणं. ‘कल्आ’ ज्यावरून आपला किल्ला आला, त्याचीही मुळाक्षरं तीच. आजच्या अरबीत सिगारेट सोडण्याला ‘इक्लाअ’च म्हणतात. निश्चय केला आणि तरी पुन्हा पाय घसरला, तर? हदीसमध्ये अशा माणसाचं वर्णन आहे जो पाप करतो, क्षमा मागतो, पुन्हा करतो, पुन्हा मागतो, आणि दर वेळी त्याला क्षमा मिळते. ही ढिलाई आहे असं कुणाला वाटेल. मला वाटत नाही. ‘एकदा मोडलं, आता सगळं गेलंच’ या निराशेने जेवढी माणसं पुन्हा बुडाली आहेत, तेवढी क्षमेच्या भरवशाने बुडालेली नाहीत.

आता ईश्वराच्या नावाकडे. अरबीत माणूस ईश्वराकडे परततो आणि ईश्वर माणसाकडे वळतो, या दोन्ही गोष्टी एकाच क्रियापदाने सांगतात. बदलतं ते फक्त अव्यय. नवव्या सूरेचं नावच ‘अत-तौबा’, आणि तिथे एका वाक्यात दोन्ही आले आहेत: ईश्वर त्यांच्याकडे वळला, यासाठी की त्यांनी परतावं. आधी त्याचं वळणं, मग माणसाचं.

ते वाक्य तीन माणसांबद्दल आहे. त्यांपैकी कअब इब्न मालिक हे कवी. इ.स. ६३० मध्ये पैगंबरांबरोबर तबूकच्या मोहिमेला निघायचं होतं. उन्हाळा कडक, मदिनेत फळं पिकलेली, सावली सुखाची. कअब यांनी स्वतः सांगितलं आहे, की रोज तयारीला म्हणून बाहेर पडायचो आणि काही न करता घरी यायचो; मनात म्हणायचो, ठरवलं की जमेल. सैन्य निघून गेलं. याहून साधा मोह नसेल आणि याहून ओळखीचाही. सैन्य परतल्यावर इतर मागे राहिलेल्यांनी सबबी सांगितल्या आणि त्या ऐकून घेतल्या गेल्या. कअब यांनी सबब सांगितली नाही. मला काही अडचण नव्हती म्हणाले. त्यांच्याशी आणि तशाच दोघांशी पन्नास दिवस कुणी बोललं नाही. पन्नासाव्या पहाटे सल्अ टेकडीवरून कुणीतरी ओरडून क्षमेची बातमी दिली. ती घेऊन आलेल्याला कअब यांनी अंगावरचे कपडे काढून दिले आणि स्वतः दुसऱ्याचे मागून घालून पैगंबरांकडे गेले. तौबेची पूर्ती म्हणून सगळी मालमत्ता दान करतो म्हणाले. काही स्वतःकडे ठेव, असं उत्तर मिळालं. त्यांनी खैबरमधला आपला वाटा ठेवला, आणि सत्य बोलल्यामुळे वाचलो, तेव्हा जिवात जीव असेपर्यंत खरंच बोलेन, असा शब्द दिला. म्हातारपणी ही हकीकत मुलाला सांगताना, त्या दिवसापासून आजवर जाणूनबुजून एकदाही खोटं बोललो नाही, असं त्यांनी सांगितलं, आणि उरलेल्या दिवसांतही देवाने यातून वाचवावं अशी आशा त्याला जोडली.